दोन शटरचं घर

आमच्या गल्लीत एकोणीस घरं आहेत आणि चौतीस शटरं. मी ती एकदा मोजली होती, कारण त्या दुपारी लाइट गेली होती आणि दुसरं काही काम नव्हतं. यवतमाळ आर्णी रोडच्या अंगाने वाढायला लागलं तेव्हा इथे कापसाची वावरं होती. मग वावरात चुन्याच्या रेषा पडल्या, मुरमाचे रस्ते झाले, तोंडाशी एक कमान उभी राहिली आणि वावराचं लेआउट झालं. लोकांनी प्लॉट घेतले. प्लॉट घेतला की घर बांधायचं आणि घर बांधलं की रस्त्याच्या बाजूने दोन शटरं काढायची, ही आमच्याकडची रीत आहे. ती कोणी लावली माहीत नाही, पण मोडायची कोणाची छाती होत नाही. आमच्या समोरच्या मास्तरांनी शटरं न काढता तिथे जास्वंद आणि मोगरा लावला, तर लोक वर्षभर त्यांना हळूच विचारत होते, पैसे कमी पडले का म्हणून.

शटरं काढायची ती भाड्याने द्यायला. भाडं सुरू झालं की घर आपोआप फिटतं, असं ठेकेदार प्रत्येकाला सांगतो, आणि शटरचे पैसे तो वेगळे लावतो. भाड्याने घेणार कोण, हे नकाशा काढताना कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीतला प्रत्येक माणूस घरमालक होऊन भाडेकरूची वाट पाहत बसला आहे. भाडेकरू यायचा तर त्यानेही पुढच्या लेआउटात प्लॉट घेऊन दोन शटरं काढली आहेत आणि तोही वाट पाहत बसला आहे. तोवर शटरांच्या आत उरलेल्या टाइल्स, हिवाळ्यात कूलर, एखाद्याच्या वावरातली तूर आणि नादुरुस्त स्कूटर असं सामान सुखात राहतं. माणसं त्याच्या मागे, उरलेल्या जागेत राहतात.

आमच्या घराचा नकाशा बाबांनी स्वतः पेन्सिलने काढला. समोरची सगळी रुंदी दोन शटरांना गेली. घरात जायला बाजूने तीन फुटांचा बोळ ठेवला. बोळातून आत गेलं की हॉल लागतो, त्याच्या मागे दोन खोल्या आणि सगळ्यांत शेवटी स्वयंपाकघर. मागच्या घरवाल्याने भिंतीला भिंत लावून बांधल्यामुळे स्वयंपाकघरात सकाळी दहा वाजताही ट्यूबलाइट लावावी लागते. नकाशा दाखवला तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं, की स्वयंपाकघराला खिडकी कुठे आहे. बाबांनी तिला समजावून सांगितलं, की खिडकीचं भाडं येत नाही.

बाबा एका सरकारी कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले. देवावर त्यांची बेताचीच श्रद्धा आहे, पण पक्क्या नोकरीवर पूर्ण आहे. जगातली माणसं ते दोन भागांत टाकतात, पक्की आणि कच्ची. कोणी वारल्याची बातमी आली, तरी ते आधी विचारतात की पक्का होता का. त्यांच्या दृष्टीने मी कच्चा. मी एका कचेरीत कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. नेमणूक अकरा महिन्यांची असते. अकरा महिने झाले की काही दिवसांचा ब्रेक देतात, म्हणजे मला सलग नोकरीत होतो असं कधी म्हणता येऊ नये. मग पुन्हा नवीन आदेश निघतो आणि मी पुन्हा नवीन माणूस म्हणून रुजू होतो. अशी आठ वर्षं झाली. कचेरीत मागाहून आलेले तीन साहेब बदलून गेले, कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे ते मलाच विचारतात, पण हजेरीच्या वहीत माझं नाव शेवटच्या पानावर वेगळ्या शाईने असतं. पगार अनुदान आलं की होतो. अनुदान कधी येईल हे वरच्यांनाही माहीत नसतं, असं ते म्हणतात.

मी चौतीस वर्षांचा आहे आणि माझं लग्न व्हायचं आहे. आमच्या भागात हे वाक्य सांगितलं की पुढचं लोकांना आपोआप समजतं. मुलीकडचे तीन गोष्टी विचारतात. नोकरी पक्की का, शहरात स्वतःचं घर का, आणि वावर किती. मुलगा शेतकरी नको असतो, पण वावर पाहिजे असतं. आमच्याकडे वावर नाही. नोकरी अशी. म्हणून बाबांनी निवृत्तीचे सगळे पैसे आणि वर कर्ज काढून घर बांधलं, म्हणजे तिन्हींतली एक तरी बाजू भक्कम होईल. घर माझ्या लग्नासाठी बांधलं हे मला मान्य आहे. फक्त त्यात राहायचं आम्हाला होतं, हे बांधताना कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दोन वर्षं शटरांना कुत्र्यानेही विचारलं नाही. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी उन्हाने इतकी फिकी पडली, की नुसता फोन नंबर उरला आणि कसला नंबर म्हणून लोक फोन करून विचारायला लागले. बाबांचा चेहरा उतरला. गल्लीतल्या बाकीच्यांची शटरं रिकामी होती हा त्यांना आधार होता, पण कोपऱ्यावरच्या घराचं एक शटर एका सलूनवाल्याने घेतलं आणि तो आधारही गेला. तेव्हा मी म्हणालो, एक शटर मीच घेतो. झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर, ऑनलाइन फॉर्म, हॉलतिकीट, दाखले. कचेरीत जायच्या आधी आणि आल्यावर चालवतो.

मला वाटलं होतं बाबा म्हणतील, चालव. त्यांनी विचारलं, भाडं किती देशील.

मी हसलो, तर ते हसले नाहीत. घरचा असला म्हणून काय झालं, कागद पाहिजे, असं म्हणून त्यांनी स्टॅम्पपेपर आणला. महिना तीन हजार, करार अकरा महिन्यांचा, पाच हजार डिपॉझिट. डिपॉझिट ओळखीचा म्हणून कमी लावलं. 'लिहून घेणार' म्हणून ते आणि 'लिहून देणार' म्हणून मी, अशा आम्ही जेवायच्या ताटांच्या बाजूला बसून सह्या केल्या. साक्षीदार म्हणून आईची सही घेतली. अकरा महिन्यांवर मुदत गेली की भाडेकरूला काढता येत नाही, हे त्यांनी मला त्याच वेळी सांगितलं. म्हणजे कचेरीत मी अकरा महिन्यांचा होतोच, आता घरातही झालो.

दुसऱ्या दिवसापासून बाबा गल्लीत सांगायला लागले, की एक शटर लागलं. कोणाला दिलं असं विचारलं तर म्हणायचे, एका होतकरू माणसाला. गल्लीला सगळं ठाऊक होतं, पण कोणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकाला आपल्या शटरसाठी उद्या तेच सांगायचं होतं. पुढे बाबांनी घराच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला. त्यांची पेन्शन, माझा पगार आणि शटरचं भाडं. भाडं माझ्याच खिशातून निघून त्यांच्या खिशात जातं आणि किराण्याला माझ्याकडेच परत येतं, हे मी त्यांना दाखवून दिलं. ते म्हणाले, पावती आहे ना.

त्यांना काय हसायचं. दुकानात बसल्यावर कळलं, की सगळ्या शहराचं उत्पन्न असंच आहे. माणूस सोमवारी उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरायला येतो तेव्हा घरात वर्षाचे चाळीस हजार येत असतात. बुधवारी तोच माणूस घरकर्जाचे कागद घेऊन येतो तेव्हा चार लाख झालेले असतात. आणि शुक्रवारी पोराचा बायोडाटा टाइप करायला बसतो तेव्हा माझ्या मागे उभा राहून सांगतो, वार्षिक उत्पन्न नऊ लाख लिहा, अन् शेतीचं वेगळं. मी तिन्ही लिहितो. पानाचे दर तिन्हींना सारखेच आहेत.

दुकान चाललं. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा बरं चाललं. भरतीच्या परीक्षांचे फॉर्म निघाले की गल्लीत मोटारसायकली लावायला जागा राहत नाही. ज्या जागा कधी भरल्याच जात नाहीत त्यांचे फॉर्म भरून माझं पोट भरतं, याची मला लाज वाटायची, ती आता वाटत नाही. पण बायोडाटात दुकान लिहू असं मी म्हणालो, तर बाबा भडकले. दुकान लिहिलं की नोकरीवर संशय येतो, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'शासकीय कार्यालयात संगणक विभागात कार्यरत. यवतमाळ येथे स्वतःचे घर. दोन गाळे, पैकी एक भाड्याने.' त्यातला एकही शब्द खोटा नाही. इतक्या वर्षांच्या बाबूगिरीत त्यांनी हेच तर कमावलं.

गेल्या वर्षी कळंबच्या मामांनी एक स्थळ आणलं. मुलगी राळेगावकडची, घरचं वावर, वडील स्वतः कसणारे. मुलगी नर्स, एका ग्रामीण दवाखान्यात कंत्राटावर. म्हणजे तिचीही अकरा महिन्यांचीच. तिचा फोटो मोबाइलवर आला. स्टुडिओतला नव्हता. घरातल्या गोदरेजच्या कपाटापुढे उभी राहून, फोटो काढणाऱ्यावर वैतागल्यासारखी ती बघत होती. मला ती मुलगी आवडली. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जागा मिळणार नाही. तो फोटो मी दिवसातून कितीदा उघडून पाहिला ते मोजलं नाही. आम्ही दोघं एकाच वेळी ब्रेकवर असलो तर काय करू, असेही विचार मी करायला लागलो होतो. इतकी वर्षं बायोडाटे टाइप करून मन कोडगं झालं असेल असं मला वाटायचं, पण नव्हतं झालं.

बाबा फोनवर मुलीच्या वडिलांशी बोलले. आवाज बदलून, कचेरीतला काढून बोलले. रविवारी ते लोक बघायला येणार असं ठरलं.

आता बघायला रविवारी येतात, पण खरं बघून जायचं ते त्याआधीच. आमच्याकडे मुलीकडचं कोणीतरी आधी गुपचूप येऊन चौकशी करून जातं. पानठेल्यावर, किराणा दुकानात, शेजारी. सगळ्यांना हे माहीत असतं, म्हणून मुलाकडचेही आठवडाभर आधीपासून कामाला लागतात. बाबांनी तर मोहीमच काढली. शेजाऱ्याचा चार महिन्यांपूर्वी आणलेला पाण्याचा पाइप धुऊन परत केला. किराणावाल्याची उधारी नव्हती, तरी त्याच्याकडे जाऊन उगाच दोन किलो साखर रोखीने आणली. पानठेलेवाल्याला घरी बोलावून चहा पाजला आणि नोकरीबद्दल काय सांगायचं ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मास्तरांच्या मोगऱ्याचीही तारीफ करून आले. सगळ्या गल्लीला त्यांनी पढवलं. एक जागा तेवढी त्यांच्या ध्यानातून सुटली, आणि ती भाडेकरूची.

गुरुवारी दुपारी मी दुकानात होतो. माझा ब्रेक चालू होता म्हणून दुपारीही शटर उघडं. चार दिवसांची दाढी, अंगात घरचा टी-शर्ट, टोनर बदलत होतो म्हणून हात आणि नाक काळं. एक मोटारसायकल येऊन थांबली. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, चपलांवर काळी माती. आत येऊन त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला आणि दहा झेरॉक्स मागितल्या. कागद काचेवर ठेवायला पालथा करताना मला त्यावरचा फोटो दिसला. गोदरेजचं कपाट, आणि वैतागून बघणारी ती.

दहा कशाला, हे मला आधी सुचलं. मग कळलं, की मुलीचा बाप एकाच पोरावर भरवसा ठेवून कसा बसेल. बाकीचे नऊ पोरगे कोण असतील याचा विचार करत मी बटण दाबलं.

त्याने मला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं काही नव्हतंही. बायोडाटावरचा माझा फोटो सहा वर्षांपूर्वीचा, कोट उसना, आणि स्टुडिओवाल्याने चेहरा असा गोरा केलेला, की आई म्हणाली होती हा कोणाचा. शिवाय मालकाचा पोरगा पुढच्या शटरमध्ये भाडेकरू म्हणून बसला असेल, हे कोणत्या शहाण्या माणसाच्या डोक्यात येईल?

"तुमी भाडेकरू ना भाऊ?" त्याने स्टूल ओढून बसत विचारलं.

मी हो म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. स्टॅम्पपेपर होता.

"भाडेकरूले घरमालकाची पुरी खबर राह्यते, म्हनून विचारतो. मालकाचा पोरगा कसा हाय?"

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, की तो मीच. सांगितलं नाही. माझ्याविषयी मला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं, बाबाच सगळीकडे बोलत आले होते, आणि एकदा तरी ते काम आपण करून पाहावं असा मोह मला झाला. मी म्हणालो, बरा आहे. त्याने तंबाखूचा खर्रा खातो का विचारलं, मी नाही म्हणालो. दारूचं विचारलं, तेही नाही. आईबापांशी कसा आहे विचारलं, तर मी म्हणालो, वेळेवर भाडं देतो. मग सावरून म्हणालो, म्हणजे घरात पैसे देतो. त्याला ते आवडलेलं दिसलं.

"अन् नौकरी तं पक्की हाय ना? पानठेल्यावाला म्हने एकदम पक्की हाय."

मशीन चालू होतं आणि एकेक करून तिचा चेहरा बाहेर येत होता. पक्की आहे म्हणायला काही लागत नव्हतं. पानठेलेवाल्याने म्हटलं होतं, बाबांनी लिहिलं होतं, गल्ली म्हणणार होती. पण ती मुलगी स्वतः कंत्राटावर होती. आदेशाची वाट पाहणं काय असतं हे तिला दुसऱ्याने सांगायला नको होतं. पहिल्याच ब्रेकला मी दुपारी घरात दिसलो असतो आणि तिला सगळं समजलं असतं. मग ती माझ्याकडे त्या फोटोतल्यासारखी बघत राहिली असती, आयुष्यभर. मला ते नको होतं. आणि बाबांचा रागही आला होता, तोही सांगायला हवा.

"पक्की नाही," मी म्हणालो. "अकरा महिन्यांची आहे. आठ वर्षांपासून तशीच चालू आहे."

मी पाण्याची बाटली पुढे केली, त्याने वरूनच दोन घोट घेतले. मग म्हणाला, पोरीचीही तशीच आहे, दोघंही कच्चे असले तर घर चालायचं कसं. त्याचा आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता. राळेगावहून उन्हात मोटारसायकल हाणत आला होता आणि गल्लीतली चौतीस शटरं पाहून त्याला बरं वाटलं असणार.

जरा वेळाने त्याने मान वर करून दुकान पाहिलं. मशीन, कॉम्प्युटर, भिंतीला लावलेली दरांची यादी, फायलींचे गठ्ठे. दिवसाचे किती सुटतात, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं, सातआठशे, फॉर्म निघाले की हजार-बाराशे. त्याने मनातल्या मनात महिन्याचं केलं. ते मला त्याच्या ओठांवरून दिसलं, आणि त्याचा चेहरा उजळलेलाही दिसला.

"लगन झालं का भाऊ तुमचं?"

झेरॉक्सचे कागद एकसारखे करत मी म्हणालो, नाही.

"घर कुठं हाय?"

घर बाबांच्या नावावर. माझ्या नावावर एक शटर, तेही मुदतीपुरतं. इथेच राहतो, भाड्याने, असं मी म्हणून गेलो. मी काय बोललो हे मला त्याचा चेहरा पुन्हा विझल्यावर कळलं.

"मंग नाई जमत," तो म्हणाला. "पोरीले घर पाह्यजे. काय सांगू भाऊ, या मालकाच्या पोराचं घर अन् तुमचं दुकान एका माणसाजवळ असतं ना, तं मीनं आत्ताच सुपारी फोडली असती."

दहा मिनिटांत त्याने मला दोनदा नाकारलं होतं, आणि जो पोरगा त्याला पाहिजे होता तो काउंटरच्या अलीकडे उभा होता. एवढंच म्हणायचं होतं, काका, थांबा. पण ते म्हटल्यावर पुढचंही सांगावं लागलं असतं. की मी इतका वेळ गप्प का बसलो, आणि आमच्या घरात बाप पोराला भाडेकरू का म्हणतो. ज्या घरात भाड्याची पावती अशी फाडतात, तिथे बाकी काय काय खरं असेल, असं त्याने म्हटलं असतं, आणि त्याचं चुकलं नसतं. मी तोंड उघडलं. त्यातून निघालं काय, तर वीस रुपये झाले.

त्याने वीस रुपये दिले, कागद सरळ करून पिशवीत घातले, आणि गेला. मूळ कागद काचेवरच राहिला होता. मी धावत जाऊन तो त्याला दिला. परतताना मला स्वतःची इतकी चीड आली, की उरलेला दिवस मी शटर पाडून आत बसून राहिलो.

शनिवारी मामांचा फोन आला, पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका पाठवलीच नव्हती. बाबा हे ऐकून खवळले. पत्रिका म्हणजे चौकशीत काहीतरी निघालं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. चुगली कोणी केली याचा त्यांनी कचेरीत करायचे तसा तपास सुरू केला. पानठेलेवाल्याला बोलावून जबाब घेतला. तो शपथेवर म्हणाला, मी पक्कीच सांगितलं. किराणावाला म्हणाला, माझ्याकडे कोणी आलंच नाही. शेवटी संशय मास्तरांवर गेला. ज्याने शटरं काढली नाहीत त्याला दुसऱ्याच्या शटरचं दुखतंच, असं बाबांनी ठरवलं आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ते बिचारे आम्ही दारात दिसलो की मोगऱ्याची फुलं द्यायला यायचे, बाबा तोंड फिरवायचे. बाबा दुकानातही येऊन गेले. तुह्याकडे कोनी आलतं का, म्हणाले. मी म्हणालो, झेरॉक्सवाले येतात. ते गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. ट्यूबलाइटखाली आई मेथी निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं.

"तूनंच सांगितलं नं?"

मी हो म्हणालो. तिला कसं कळलं हे विचारायची हिंमत झाली नाही. मी वाट पाहत होतो, की ती रडेल किंवा बोलेल. घरात सून यावी म्हणून तिने किती उपास धरले होते ते मला माहीत होतं.

"तुह्या बाबाची नौकरी बी आमच्या लग्नात पक्की नोती," ती म्हणाली. "रोजंदारीवर होते. माहा भाऊ चौकशीले आलता, तं हापिसातले सारे म्हने पक्की हाय. मले सा वर्सानं समजलं, तू झाल्यावर. तवर हे म्हनत राह्यले, पगार अडकला."

ज्या पक्क्या नोकरीच्या नावाने मी जन्मभर टोमणे खाल्ले, ती माझ्या जन्माच्या वेळी नव्हती. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. तुला तेव्हा कोणी खरं सांगितलं असतं तर, असं मी विचारलं.

"तं मी आली नसती."

तिने हे अगदी सहज म्हटलं. तिने मेथीची एक काडी मोडून बाजूला टाकली. मग मी, स्वतःलाच बरं वाटावं म्हणून, म्हणालो, की म्हणजे मी केलं ते बरंच केलं, त्या पोरीचं भलंच झालं.

"तिच्यावर उपकार केले तूनं," आई म्हणाली. "माह्यावर कोनी केले नोते."

हॉलमधून बाबांनी चहाला हाक मारली. ती उठली, हात धुतले आणि आधण ठेवलं.